जुन्या जीपचा ‘कट्ट’ आवाज: क्रॉस बदलूनही परत येतो तेव्हा

जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. क्लच सोडला की मागून कट्ट, रेस सोडली की परत कट्ट. गॅरेजवाला खाली वाकून शाफ्ट हलवतो, म्हणतो क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळू देणारा सांधा) गेलाय, क्रॉस बदलतो, थोडे दिवस गाडी गप्प आणि मग पुन्हा तेच. मग दुसरा क्रॉस, मग कुणीतरी सल्ला देतं की हाउजिंग (अॅक्सलच्या मधली डिफरन्शियलची पेटी) खोला, क्राऊन-पिनियन (आतली मोठ्या-लहान गिअरची जोडी) संपलंय, आणि तिथून पुढे खर्चाला ताळतंत्र राहत नाही, आवाज मात्र होता तिथेच.

माझं म्हणणं एवढंच की क्रॉस आपणहून इतक्या लवकर मरत नाही, त्याला कुणीतरी मारतंय, आणि ते कोण हे शोधायला पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायची गरज नाही. आवाज कधी येतो, कधी थांबतो आणि कशाच्या वेगाबरोबर वाढतो हे नीट ऐकलं की निम्मं काम झालं. खालचं सगळं मुख्यतः जुन्या महिंद्रा जीप (सीजे, एमएम ५४० त्या घराण्यातल्या) आणि मारुती जिप्सी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण पार्ट-टाइम फोर बाय फोर, पुढे-मागे सॉलिड अॅक्सल आणि खाली पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या कुठल्याही गाडीला बरंचसं लागू पडेल.

आधी थोडं गणित, कंटाळू नका, हे फार कामाचं आहे. ६.००-१६ चा टायर एका फेरीत अंदाजे सव्वादोन मीटर जातो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ५ वेळा फिरतंय. सीजे थ्री बी चा अॅक्सल रेशो ५.३८, म्हणजे पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ४३, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट) त्याच वेळी सेकंदाला २७ फेऱ्या मारतोय आणि क्राऊन-पिनियनचे दाते सेकंदाला २१५ वेळा एकमेकांना भिडतायत. आता आवाज ऐका. बोटांवर मोजता येईल असा धप-धप किंवा घर्र-घर्र असेल तर तो चाकाच्या फेरीचा, म्हणजे व्हील बेअरिंग, ब्रेक ड्रम, टायर, रिम इकडे बघा. मोजता येत नाही पण सीटला, पायाखालच्या पत्र्याला थरथर जाणवते, तर तो शाफ्टचा. आणि ज्याला सूर आहे, जो वेगाबरोबर चढत जातो, तो ‘ऊंऽऽ’ दात्यांचा. शाफ्टचा आवाज आणि दात्यांचा आवाज यांत गल्लत झाली की लोक चांगलं हाउजिंग उघडून बसतात, म्हणून हे आधी.

मग एक सपाट, मोकळा रस्ता बघा, घाटात हे प्रयोग करू नका, न्यूट्रलमध्ये उतार उतरणं हा शहाणपणा नाही. ताशी ५० ला गाडी स्थिर करा आणि क्रमाने बघा: रेस दाबून धरल्यावर आवाज कसा आहे, रेस पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये ओढू दिल्यावर कसा आहे, आणि क्लच दाबून न्यूट्रल केल्यावर कसा आहे. न्यूट्रलला इंजिन आयडलवर आलं तरी आवाज तसाच आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतोय, तर तो गिअरबॉक्सच्या आउटपुटपासून चाकांपर्यंतचा कुठलातरी आहे, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारी पेटी) धरून, इंजिन-क्लच सुटले. फक्त रेस दिल्यावर सूर येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट, तर दात्यांच्या एका बाजूची झीज किंवा चुकीची सेटिंग. रेस दिली काय, सोडली काय, दोन्हीकडे सारखीच घरघर, तर मला पहिला संशय बेअरिंगचा येतो. स्टिअरिंग हलकंसं डावी-उजवीकडे झुलवलं आणि एका बाजूला आवाज वाढला तर ते चाकाचं बेअरिंग, आणि बहुतेक वेळा ज्या बाजूवर वजन जातं त्या बाजूचं. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा रंगच बदलला तर तो टायर. मड टायर बसवून घेतले आणि पुढच्या आठवड्यात ‘डिफरन्शियल वाजतंय’ म्हणत येणारे कमी नाहीत.

गाडी उभी असतानाही एक चाचणी होते आणि ती फुकट आहे. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला टाका आणि गिअरबॉक्स एकेका गिअरमध्ये घालून क्लच सोडा. आता गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरचे आतले गिअर फिरतायत, पण दोन्ही प्रोपेलर शाफ्ट उभे आहेत. चालत्या गाडीतली घरघर इथे ऐकू आली तर मागच्या हाउजिंगला हात लावायचं कारणच नाही. गिअर न्यूट्रलला असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. क्लच दाबल्यावरच कुरकुर सुरू होते, तर क्लच रिलीज बेअरिंग. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं म्हणून पुढे जातो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, सगळे आवाज रोग नसतात. विलीजच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) वंशातल्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये चेन नाही, सगळे गिअर आहेत, आणि हाय रेंजमध्येसुद्धा (रोजच्या रस्त्यावरच्या गिअरिंगमध्ये) ताकद थेट मागे जात नाही, मधल्या इंटरमिजिएट गिअरवरून वळसा घेऊन बाजूच्या आउटपुटला जाते. जिप्सीचंही तसंच, हायमध्येही रेशो १.४ च्या आसपास आहे, म्हणजे तिथेही गिअर सतत लोडवर. या गाड्या नव्या असतानाही थोडं गाणं म्हणायच्याच. पन्नाशीतल्या जीपमध्ये नव्या एसयूव्हीची शांतता शोधणाऱ्याने आधी हे मनाला समजवावं. मात्र तो सूर अचानक बदलला, किंवा घरघरीत खरखर मिसळली, तर जीपमध्ये तो मधला इंटरमिजिएट शाफ्ट आणि त्याच्यावरचे नीडल रोलर बघायला लावा, ही या ट्रान्सफरची झिजणारी जागा म्हणून प्रसिद्धच आहे. शाफ्टवर खड्डे किंवा खाचा पडल्या असतील तर नुसते रोलर बदलून काही होत नाही, शाफ्टही बदलायचा.

आता मूळ दुखणं, कट्ट. हा आवाज म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे आणि ताकदीची दिशा उलटली की ती ढिलाई एका झटक्यात भरली जाते. प्रश्न फक्त कुठे. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, एक जण गाडी हाताने पुढे-मागे ढकलतो आणि दुसरा बाजूला, चाकांच्या रेषेबाहेर आडवा होऊन टॉर्चने बघतो. क्रॉसचा एक योक (त्याला धरणारा दोन कानांचा चिमटा) आधी हलतो आणि दुसरा मागून येतो, तर क्रॉस. दोन्ही टोकं एकत्र हलतात पण मधल्या सरकत्या जोडात खडखड दिसते, तर स्प्लाइन (त्या जोडातले लांबट दाते) झिजलेत. चाक फिरायला लागलं तरी पिनियनची फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) बरीच उशिरा हलते, तर ढिलाई हाउजिंगच्या आत किंवा चाकाच्या टोकाला. फ्लँज हाताने धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा: फिरण्यात थोडा प्ले असणारच, पण वर-खाली किंवा आत-बाहेर जराही हलली तर पिनियनचा नट ढिला आहे किंवा पिनियन बेअरिंग संपलंय. सोबत सीलमधून ऑइल गळत असेल तर खात्रीच.

मागच्या अॅक्सलला टेपर (निमुळतं टोक) आणि चावीवर (खाचेतल्या लोखंडी पट्टीवर) बसलेला हब असेल, जो जुन्या जीपमध्ये असतो, तर तिथे नक्की बघा. मधला मोठा नट ढिला झाला की हब चावीवर खेळायला लागतो, आणि तो आवाज शाफ्टमधून असा काही पुढे येतो की हुबेहूब क्रॉसच वाटतो. बरीच गॅरेजं इथे बघतच नाहीत. चावी तुटली तर चाकाला ताकदच जाणार नाही, त्या बाजूचा टेपर खराब झाला तर अख्खा अॅक्सल शाफ्ट बदलावा लागतो, म्हणून नट टॉर्क रेंचने आवळा आणि स्प्लिट पिन नवीन घाला. पाट्यांचे यू बोल्ट आणि सेंटर बोल्टही याच फेरीत बघून घ्या, सेंटर बोल्ट तुटला की अख्खा अॅक्सल रेस दिल्यावर पुढे-मागे सरकतो आणि धप्प करतो.

जॅक लावताना एक धोका लक्षात ठेवा, आणि हे मी मोठ्या आवाजात सांगतोय असं समजा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे ड्रम असतो, म्हणजे तो शाफ्ट पकडतो, चाक नाही. मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सरकू शकतं, हँडब्रेक घट्ट ओढलेला असूनही, गिअरमध्ये असूनही. मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागच्या चाकांना धरत नाहीत. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड हवाच.

बरं, क्रॉसच निघाला असं धरू. मग तो पुन्हा पुन्हा का जातो? सगळ्यात साधं कारण बसवण्यातलं. हातोड्याने कप (क्रॉसच्या टोकावरची टोपी) ठोकताना आतली एक सुई (बारीक रोलर) आडवी पडते, कप पूर्ण बसत नाही, सर्क्लिप (कप अडवणारी रिंग) खाचेत नीट बसत नाही, तरी ‘चालेल’ म्हणून गाडी सोडतात. क्रॉस बसवल्यावर चारी बाजूंनी हाताने हलका, एकसारखा वळला पाहिजे, एका बाजूला अडतोय तर उघडून परत बसवा. व्हाइसमध्ये धरून दाबून बसवणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका. दुसरं म्हणजे योकचे कान. जुना क्रॉस बराच काळ खडखडत चालवला असेल तर योकची भोकं अंडाकृती होतात, त्यात कितीही चांगला क्रॉस घाला, तो कपासकट हलणार.

तिसरं ग्रीस. निप्पल असलेल्या क्रॉसला गन लावल्यावर चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तीन बाजूंनी आलं आणि चौथीकडून नाही, तर तो चौथा कप कोरडाच चाललाय आणि तोच पहिला जाणार. हळू चालवताना पाखरासारखं चिवचिव ऐकू येतं आणि कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसते, ती याच कोरड्या सुयांची गंजलेली धूळ. पावसाळ्यात ओढ्यातून, भाताच्या चिखलातून गाडी काढली की त्याच आठवड्यात ग्रीस मारायचं, आणि समुद्राच्या वाळूवर नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुऊन मारायचं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं पण ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं: शाफ्टचा कोन आणि शाफ्टची जोडणी. जीप उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) घातले, पाट्यांत एक पाटा वाढवला, की अॅक्सल फिरतो आणि पिनियनचं तोंड वर किंवा खाली होतं. दोन टोकांना एकेक साधा क्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये ट्रान्सफरच्या आउटपुटची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे एका क्रॉसने वेगात केलेली चढउतार दुसरा क्रॉस खोडून काढतो. हे समांतर नसलं की ती चढउतार शिल्लक राहते, एका फेरीत दोनदा, आणि शाफ्ट सेकंदाला २७ वेळा फिरतोय हे वर बघितलंच, म्हणजे बिचाऱ्या सुयांना सेकंदाला ५४ दणके. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अॅप असतं, गाडी सपाट जागी चारी चाकांवर उभी करून दोन्ही फ्लँजच्या तोंडाला फोन टेकवून बघा, दोहोंत एक-दीड अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये पाचरी टाकून पिनियन वळवून घ्या. यू बोल्ट त्या मापाचे नवीन घ्या.

जोडणीचं म्हणजे असं, की सरकत्या स्प्लाइनवर शाफ्टचे दोन तुकडे ओढून वेगळे होतात आणि परत बसवताना ते कुठल्याही दात्यावर बसतात. पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेतच हवेत. एक-दोन दाते जरी इकडेतिकडे झाले तरी थरथर सुरू, आणि ती नेमकी क्रॉस बदलल्यानंतरच सुरू झालेली असते म्हणून लोक नव्या क्रॉसला शिव्या घालतात. काही शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, नसल्या तर उघडण्याआधी रंगाने किंवा पंचने स्वतः खूण करा. फ्लँज कुठल्या बोल्टला होती तेही.

जिप्सीला आणखी एक खास जागा आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी, रबरी माउंटिंगवर चॅसिसला टांगलेली असते, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक छोटा शाफ्ट जातो. माउंटिंगचं रबर फाटलं की रेस दिल्यावर अख्खी केस वळते, छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो, आणि हा शाफ्ट हाय रेंजमध्ये मागच्या शाफ्टपेक्षाही जवळजवळ दीडपट जोरात फिरत असतो, म्हणून गिअर लिव्हरपाशी थरथर जाणवते. वरून रबर धड दिसतं, मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकून बघितल्याशिवाय फाट कळत नाही. एकच रबर गेलं असलं तरी सगळी एकदम बदला.

पुढची बाजू आता. फ्री व्हील हब (पुढची चाकं अॅक्सलच्या शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर चाचणी सोपी: हब फ्री करून, टू व्हीलमध्ये चालवा, मग हब लॉक करून पण ट्रान्सफर टू व्हीललाच ठेवून चालवा. लॉक केल्यावर आवाज वाढला तर पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल किंवा पुढच्या चाकाचे जॉइंट. हब नसतील तर पुढचा शाफ्ट दोन्हीकडचे बोल्ट काढून पूर्ण उतरवा आणि टू व्हीलमध्ये एक चक्कर मारा, अर्ध्या तासाचं काम आहे. पूर्ण वळवून फोर व्हीलमध्ये चालवताना चाकापाशी कटकट-कटकट येते ती बहुतेक अॅक्सलच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला असलेल्या गोळ्यातल्या जॉइंटची.

फोर व्हीलमध्येच फक्त दणके बसतात, लिव्हर अडकून बसतो, बाकी गाडी छान, असं असेल तर आधी विचारा की हे कोरड्या डांबरावर होतंय का. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये मध्ये डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो फरक जायला जागा नसते, शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि टायर घसरून तो सुटतो तेव्हा दणका. याला दुरुस्ती नाही, चिखलातच वापरा. लिव्हर अडकला तर थोडं सरळ मागे घ्या, सुटतो. पण चिखलात, सरळ रेषेतही पीळ साठतोय तर पुढे-मागे टायर वेगवेगळ्या मापाचे आहेत का बघा, आणि गाडी सेकंडहँड असेल तर रेशो मोजा. भंगारातून आणलेला अॅक्सल दुसऱ्या रेशोचा निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही. एक चाक हवेत, दुसरं जमिनीवर, ट्रान्सफर न्यूट्रल (म्हणजे शाफ्टवाला हँडब्रेकही सोडलेला, म्हणून ठोकळे पक्के), हवेतलं चाक बरोब्बर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. तोच तुमचा रेशो. दोन फेऱ्या यासाठी की दुसरं चाक उभं असताना क्राऊन निम्माच फिरतो. पुढे-मागे आकडा सारखा आलाच पाहिजे.

ऑइल मुद्दाम शेवटी घेतोय, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि ९० च्या जागी जाड १४० नंबर टाकून आवाज दाबतात. आवाज दबतो, रोग राहतो. पूर्वी विकायची गाडी गप्प करायला हाउजिंगमध्ये लाकडाचा भुसा टाकायचे म्हणतात, ही त्याचीच सभ्य आवृत्ती. लेव्हल मात्र जरूर बघा: जीपमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल ट्रान्सफरमध्ये उतरत जातं, गिअरबॉक्स कोरडा आणि ट्रान्सफर भरून गळतेय, असं दिसलं तर मधलं सील गेलंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेला अॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर (हाउजिंगला हवा घ्यायचं छिद्र) चिखलाने बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला पाइप जोडून वर बॉनेटपर्यंत नेला की हा प्रश्न मिटतो. बुचाला चिकटलेली राखाडी पेस्ट चालते, पण सुईचा तुकडा किंवा दात्याचा टवका निघाला तर गाडी तिथेच उभी करा.

इतकं सगळं निरखून झाल्यावरही सूर हाउजिंगमधूनच येतोय, तर मग उघडा. उघडल्यावर क्राऊनच्या दात्यांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते बघायला सांगा, डायल गेजने बॅकलॅश (भिडणाऱ्या दात्यांमधला मोकळा खेळ) मोजायला सांगा, साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटरच्या मध्ये हवा, आणि ‘हाताला बरोबर वाटतंय’ म्हणणाऱ्याकडून शिम (अंतर साधायच्या पातळ चकत्या) बसवून घेऊ नका. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचं, एक जुनं एक नवं असं केलं की पहिल्याच दिवशी रडायला लागतं. नवी जोडी बसली की पहिली वीसेक किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, सुरुवातीला ओझं ओढू नका, आणि आठशे-हजार किलोमीटरला ते ऑइल काढून बूच पुसून नवीन भरा.